एफएफएमपेगचा ५.१ एन्कोडर: घरचे व्हिडिओ डीव्हीडीवर घेताना दीड वर्ष वापरलेला

आमच्या घरच्या व्हिडिओंमध्ये आई जवळपास कुठेच दिसत नाही, कारण कॅमेरा कायम तिच्याच हातात असायचा. आम्ही भावंडं धावतोय, पडतोय, आजोबा खुर्चीत बसून काहीतरी सांगतायत, आणि मागून फक्त तिचा आवाज येतो, "हळू जा रे", "इकडे बघ ना जरा", "बाबा, परत सांगा ते". हे सगळं डीव्हीडीवर घ्यायचं काम मी गेलं दीड वर्ष करतोय कारण मावशीकडे आणि मामाकडे अजून डीव्हीडी प्लेअरच आहे आणि त्यांना पेनड्राइव्ह, लिंक वगैरे काही नको असतं, डिस्क घातली की लागली पाहिजे एवढंच त्यांचं म्हणणं. चित्राचं काम तसं सोपं निघालं. आवाजाने मात्र मला पुरतं कामाला लावलं आणि त्यातून बाहेर काढलं ते एफएफएमपेगने, म्हणजे व्हिडिओ आणि आवाज एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणाऱ्या प्रोग्रॅमने, म्हणून हा रिव्ह्यू. संपूर्ण एफएफएमपेगचा नाही, तो फार मोठा पसारा आहे, फक्त त्याच्यातल्या एसी-३ एन्कोडरचा, म्हणजे डॉल्बी डिजिटल आवाज बनवणाऱ्या भागाचा.

आधी थोडं मागचं सांगतो म्हणजे पुढचं कळेल. आईचा नंतरचा कॅमेरा एव्हीसीएचडीवाला होता, हा फॉरमॅट सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये मिळून आणला, आणि त्या कॅमेऱ्याचा वरचा माइक ५.१ रेकॉर्ड करणारा होता, म्हणजे पुढे डावा, उजवा आणि सेंटर, मागे दोन सराउंड आणि एक सबवूफर असे सहा चॅनेल. त्या काळी दुकानात बॉक्सवर ५.१ लिहिलेलं दिसलं की लोक घ्यायचे, घरी मात्र टीव्हीच्या दोन स्पीकरवर ऐकायचे. आम्हीही तेच केलं. इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदा ते क्लिप नीट सहा स्पीकरच्या सिस्टीमवर लावले आणि आईचा आवाज माझ्या पाठीमागून आला. अगदी मागून, जिथे ती उभी असायची तिथूनच. माइक कॅमेऱ्यावर, चेहरे समोर, आणि शूट करणारा माणूस कॅमेऱ्याच्या मागे, त्यामुळे त्याचा आवाज सराउंड चॅनेलमध्ये जास्त जातो, हे साधं गणित आहे पण ऐकल्याशिवाय ते कळत नाही. मी आईला बोलावून ऐकवलं, ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "मी इतकी सारखी बोलत होते होय?" त्या दिवशी ठरवलं की डीव्हीडीवर हा आवाज असाच्या असा गेला पाहिजे.

आता पहिला प्रयत्न. मी एक विकत मिळणारा कन्व्हर्टर घेतला होता, नाव सांगत नाही, त्याच्यात "५.१ सराउंड" असा छान टिकमार्क होता. टिक केलं, डिस्क बनली, रिसीव्हरवर, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरवर, डॉल्बी डिजिटलचा दिवा लागला, सहाही स्पीकर वाजायला लागले, आणि तरी काहीतरी भलतंच वाटत होतं. आई मागे नव्हती, ती सगळीकडे होती, आजोबाही सगळीकडे होते. मग ती फाइल ऑडॅसिटी या आवाजाच्या एडिटरमध्ये उघडली, सहा वेव्हफॉर्म एकाखाली एक, आणि बघतो तर पुढचा डावा आणि मागचा डावा हुबेहूब सारखे, उजवेही तसेच, सेंटरला दोघांची बेरीज, आणि सबवूफरच्या चॅनेलला पण तीच बेरीज अख्खीच्या अख्खी, बोलण्यासकट. म्हणजे त्या प्रोग्रॅमने आधी मूळ ५.१ दाबून स्टिरिओ केलं आणि मग तेच सहा ठिकाणी वाटून टाकलं. दिवा खरा, चॅनेल सहा खरे, सराउंड मात्र गेलेलं. तेव्हापासून मी कुठल्याही कन्व्हर्टरच्या टिकमार्कवर विश्वास ठेवत नाही, फाइल उघडून बघतो. तुम्हीही बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

एफएफएमपेग २००० मध्ये फाब्रिस बेलार्डने सुरू केलं, ते फुकट आहे, सोर्स खुला आहे, आणि गंमत म्हणजे बऱ्याच कन्व्हर्टरच्या पोटात तेच बसलेलं असतं, वरचं कव्हर फक्त वेगळं. एसी-३ वरची पेटंटं २०१७ मध्ये संपली त्यामुळे आता तोही प्रश्न उरलेला नाही. त्याला खिडक्या, बटणं काही नाही, कमांड टाइप करायची, आणि इथेच बरेच लोक परत फिरतात. मीही फिरलो होतो एकदा. पण कमांडचा एक फायदा असा की तुम्ही काय सांगितलं ते लिहिलेलं राहतं, सहा महिन्यांनी दुसरी डिस्क करताना तीच ओळ परत चालते आणि कुठल्या टिकमार्कने काय केलं असेल असा संशय उरत नाही.

डीव्हीडीला आवाजाचे नियम पक्के आहेत, ते आधी समजून घ्या. सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाची मोजमापं (सॅम्पल) किती, ते ४८ किलोहर्ट्झ हवं. फॉरमॅट एसी-३, पीसीएम (न दाबलेला आवाज), एमपेग लेयर २ किंवा डीटीएस यांपैकी, मोबाइलवाला एएसी चालत नाही. एसी-३ हा फॉरमॅट स्वतः ६४० केबीपीएसपर्यंत (सेकंदाला किलोबिट, म्हणजे बिटरेट) जातो पण डीव्हीडीवर मर्यादा ४४८ ची आहे. ही मर्यादा मी एका डिस्कवर मोडून बघितली, म्हटलं जास्त म्हणजे चांगलंच असेल, कॉम्प्युटरवर सुरेख वाजली आणि मामाकडे चित्र चालू, आवाज गायब. प्लेअरची काही चूक नव्हती, त्याला जे शिकवलंय त्याच्या बाहेरचं मी दिलं होतं. एफएफएमपेगमध्ये टार्गेट म्हणून पाल डीव्हीडी किंवा एनटीएससी डीव्हीडी (पाल, एनटीएससी या टीव्हीच्या दोन पद्धती) सांगितलं की ते आपणहून आवाज एसी-३, ४८ किलोहर्ट्झ, ४४८ केबीपीएस असा लावतं आणि चित्रालाही डीव्हीडीच्या मापात बसवतं, त्यामुळे नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी.

४४८ म्हणजे तासाला साधारण २०० एमबी. तेच स्टिरिओ पीसीएम ठेवलं तर १५३६ केबीपीएस, तासाला ६९० एमबीच्या आसपास, आणि तेही फक्त दोन चॅनेलचं. ४.७ जीबीच्या डिस्कमध्ये चित्राला जागा हवी असेल तर एसी-३ ला पर्याय नाही, आणि सहा चॅनेलचं पीसीएम जुन्या ऑप्टिकल केबलमधून रिसीव्हरपर्यंत पोचतही नाही, एसी-३ पोचतं.

आता माझ्या मते या सगळ्या रिव्ह्यूतला सगळ्यात कामाचा मुद्दा, आणि तो म्हणजे एन्कोडरच न वापरणं. ऐका जरा. एव्हीसीएचडी कॅमेऱ्याने ५.१ रेकॉर्ड केलंय ते आधीच एसी-३ मध्ये असतं, आणि आमच्या कॅमेऱ्याचं तर ४८ किलोहर्ट्झ, ४४८ केबीपीएस होतं, म्हणजे डीव्हीडीला जसं हवं तंतोतंत तसंच. मग ते उलगडून परत गुंडाळायचं कशाला? चित्र एमपेग-२ मध्ये बदलावंच लागतं, आवाजाला फक्त कॉपी सांगायचं, टार्गेटच्या नंतर, म्हणजे ती सूचना आधीच्या सूचनेवर चढते. एकही बिट बदलत नाही, आई जिथे होती तिथेच राहते. मला हे कळायला दोन महिने लागले कारण सगळीकडे लिहिलेलं असतं ते एन्कोड कसं करायचं, कोणी सांगत नाही की आधी तपासा, गरज आहे का. एफएफएमपेगबरोबर एफएफप्रोब नावाचं छोटं टूल येतं, ते फाइलमध्ये काय आहे ते एका ओळीत दाखवतं, फॉरमॅट, सॅम्पलिंग, चॅनेल, बिटरेट. ती ओळ वाचल्याशिवाय काही सुरू करू नका. तुमच्या कॅमेऱ्याचा बिटरेट ४४८ च्या वर असेल तर मात्र परत एन्कोड करण्यावाचून सुटका नाही.

कॉपीत एक खड्डा आहे, त्यात मी पडलो, म्हणून सविस्तर लिहितो. आईच्या सवयीने क्लिप छोटे छोटे, दहा सेकंद, वीस सेकंद, एका दिवसाचे साठ-सत्तर. मी सगळ्यांचा आवाज वेगळा काढला, एकापुढे एक जोडला, चित्र वेगळं जोडलं आणि मग दोन्ही एकत्र केलं. सुरुवातीला ओठ आणि आवाज बरोबर, शेवटाकडे जाता जाता आवाज जवळजवळ एक सेकंद मागे. कारण असं की एसी-३ ची एक फ्रेम १५३६ सॅम्पलची, ४८ किलोहर्ट्झला ती ३२ मिलिसेकंदांची होते, आणि २५ फ्रेमच्या व्हिडिओची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. आवाज अर्ध्या फ्रेमवर तोडता येत नाही, म्हणून प्रत्येक क्लिपच्या शेवटी आवाज चित्रापेक्षा किंचित लांब राहतो, एका क्लिपला काही कळत नाही पण साठ क्लिपचे पंधरा-सोळा मिलिसेकंद साठले की झाला सेकंद. उपाय सोपा आहे, आवाज आणि चित्र कधी वेगळं करून जोडू नका, क्लिप आख्खे द्या एफएफएमपेगच्या कॉनकॅटला, म्हणजे फाइली जोडणाऱ्या सोयीला, ते प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला दोघांना परत एका रेषेत आणतं. जोडावर क्वचित बारीकशी खाच ऐकू येते, ती मला चालते, कारण ओठ मागेपुढे झालेले मुळीच चालत नाहीत.

आता जिथे खरंच एन्कोड करावं लागतं त्याबद्दल. एफएफएमपेगमध्ये दोन एसी-३ एन्कोडर आहेत, एक फ्लोटिंग पॉइंटवाला आणि एक फिक्स्ड पॉइंटवाला, काही सांगितलं नाही तर पहिला लागतो आणि तोच चांगला आहे. ४४८ ला मी मूळ आणि एन्कोड केलेलं असं न बघता आलटून पालटून ऐकलं, बोलणं, पाऊस, घरातली वर्दळ, मला फरक सांगता आला नाही. ३८४ ला टाळ्यांमध्ये किंचित भुरभुरल्यासारखं वाटलं, ते मला माहीत होतं म्हणून वाटलं की खरंच, हे मी छातीठोक सांगणार नाही. घरच्या डिस्कवर जागा असतेच, सरळ ४४८ लावा.

खरी मजा बिटरेटमध्ये नाहीच, ती मेटाडेटात आहे. एसी-३ च्या आत आवाजाबरोबर काही छोट्या सूचना जातात, प्लेअरने हा आवाज कसा वाजवायचा याच्या, आणि बहुतेक कन्व्हर्टर त्या दाखवतच नाहीत. एफएफएमपेग त्या सगळ्या हातात देतं. यातल्या तीन घरच्या व्हिडिओसाठी फार महत्त्वाच्या.

एक म्हणजे सराउंड मिक्स लेव्हल. मावशीकडे सहा स्पीकर नाहीत, टीव्हीचे दोन आहेत, तिचा प्लेअर ५.१ दाबून स्टिरिओ करतो आणि दाबताना मागचे चॅनेल किती घ्यायचे ते या सूचनेवरून ठरवतो. पर्याय तीनच, ३ डेसिबल खाली, ६ डेसिबल खाली, किंवा अजिबात घ्यायचेच नाहीत. एफएफएमपेग आपणहून ६ डेसिबल खालीवाला लावतं. सिनेमाला ते ठीक आहे, तिथे मागे बहुतेक वातावरण असतं. घरच्या व्हिडिओत मागे आई असते! ६ डेसिबल खाली गेली की ती टीव्हीवर पुटपुटल्यासारखी ऐकू येते, आणि तिसरा पर्याय चुकून लागला तर ती व्हिडिओतून नाहीशीच होते, मूळ फाइलमध्ये असूनही. मी कायम ३ डेसिबलवाला लावतो, कमांडमध्ये ०.७०७ असा आकडा लिहायचा. सेंटरसाठीही अशीच सूचना असते, तिथे ३, ४.५ आणि ६ असे पर्याय आहेत आणि एफएफएमपेग मधला धरतं, आमच्या क्लिपमध्ये समोरच्याचं बोलणं सेंटरला असल्यामुळे तिथेही मी ३ वर आणलं.

दुसरी डायलनॉर्म. हा आकडा सांगतो की या आवाजातलं बोलणं सरासरी किती डेसिबलला आहे, आणि प्लेअर त्याप्रमाणे आवाज खाली आणतो म्हणजे सगळ्या डिस्कवरचं बोलणं सारख्या उंचीला येतं. उणे ३१ लिहिलं तर प्लेअर काहीच कमी करत नाही, उणे २५ लिहिलं तर ६ डेसिबल कमी करतो. एफएफएमपेग आपणहून उणे ३१ लिहितं, म्हणजे तुमची डिस्क बाकीच्या डिस्कपेक्षा मोठ्याने वाजते आणि बघणारा रिमोटकडे धावतो. एफएफएमपेगमध्येच ईबीयू आर १२८ या ठरलेल्या मानकाप्रमाणे लाउडनेस (कानाला जाणवणारी आवाजाची पातळी) मोजायचा फिल्टर आहे, नुसत्या बोलण्याचा एखादा मिनिटभराचा तुकडा त्याच्यातून काढायचा, जो आकडा येईल तो डायलनॉर्मला द्यायचा. माझे क्लिप उणे २४ ते उणे २८ च्या मध्ये येतात. ही पाच मिनिटं घालवा, डिस्क एकदम व्यवस्थित केल्यासारखी वाटते.

तिसऱ्या बाबतीत मात्र एफएफएमपेग कमी पडतं. प्लेअरवर रात्री हळू ऐकण्यासाठी जो मोड असतो, ज्यात मोठे आवाज दाबले जातात आणि बारीक वर येतात, तो एसी-३ मधल्या डायनॅमिक रेंजच्या सूचनांवर चालतो, आणि एफएफएमपेगचा एन्कोडर त्या सूचना लिहीतच नाही. म्हणजे तो मोड चालू केला तरी फारसा फरक पडत नाही. आफ्टन नावाचा एक जुना एन्कोडर आहे, त्याची शेवटची आवृत्ती २००७ ची, पण त्यात फिल्म, म्युझिक, स्पीच असे प्रोफाइल निवडता येतात, रात्री बघणारं कोणी असेल तर त्या डिस्कसाठी मी तो वापरतो. आणखी एक, एसी-३ उलगडताना एफएफएमपेग मात्र या सूचना पाळतं, म्हणजे कॅमेऱ्याचा आवाज उलगडून परत एन्कोड केला तर मोठे आवाज कायमचे दाबलेले राहू शकतात. उलगडताना डीआरसी स्केल, म्हणजे या सूचना किती पाळायच्या तो आकडा, शून्य सांगा, आणि ते फाइलच्या नावाच्या आधी लिहा, नंतर लिहिलं तर उपयोग नाही.

आता जुन्या डीव्ही टेपांबद्दल (कॅमेऱ्यातल्या डिजिटल टेप, डीव्हीडी नव्हे) थोडक्यात. त्यावर ५.१ नव्हतंच. १६ बिट ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ असतं, नाहीतर १२ बिट ३२ किलोहर्ट्झ, आणि हे दुसरं ४८ वर आणावं लागतं, एफएफएमपेग ते नीट करतं. पण याचं ५.१ करू नका. कृपा करून करू नका. मी मोह आवरला नाही, एफएफएमपेगमध्ये सराउंड नावाचा फिल्टर आहे तो लावून बघितला, तो हुशार आहे, दोन चॅनेलमधला सारखा भाग मध्ये आणि वेगळा भाग मागे टाकतो, पण आजोबांच्या आवाजाचा 'स' मागच्या स्पीकरमधून यायला लागला आणि मी तिथेच थांबलो. मूळ आवाज दोनचा आहे तर डिस्कवर दोनचाच जाऊ दे, २२४ केबीपीएसला तो उत्तम जातो, ज्याच्याकडे सहा स्पीकर आहेत त्याचा रिसीव्हर प्रो लॉजिक २ सारख्या पद्धतीने स्वतःच पसरवेल आणि नको असेल तेव्हा बंद करता येईल. डिस्कमध्ये भाजून टाकलेलं बंद करता येत नाही.

एकदा मात्र मी स्वतः ५.१ बनवलं आणि ते जमलं. बहिणीच्या नाचाच्या कार्यक्रमाला मी एक रेकॉर्डर स्टेजजवळ आणि एक सभागृहात मागे ठेवला होता, तेव्हा डोक्यात सराउंड नव्हतं, एक बंद पडला तर दुसरा असावा एवढंच. पुढचे दोन चॅनेल पहिल्या रेकॉर्डरचे, मागचे दोन दुसऱ्याचे, सेंटर रिकामं. पहिला प्रॉब्लेम, दोन रेकॉर्डरची घड्याळं सारखी नसतात, माझ्या दोघांत तासाला ७० मिलिसेकंदांच्या आसपास फरक पडत होता, एकाला किंचित ताणून घ्यावं लागलं. दुसरा प्रॉब्लेम जास्त शिकवणारा. मी दोन्ही ट्रॅक नाचाच्या पहिल्या टाळीवर अगदी एका रेषेत लावले, आणि ऐकलं तर सगळं मागे ओढल्यासारखं, स्टेजवरचा आवाज कधी पुढून कधी मागून. मग लक्षात आलं की आवाज सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास जातो, मागचा रेकॉर्डर १५-१७ मीटर लांब होता, म्हणजे स्टेजचा आवाज तिथे ४५-५० मिलिसेकंदांनी उशिराच पोचणार आणि तो उशीर मी पुसून टाकला होता. कान ज्या बाजूने आवाज आधी येतो ती दिशा धरतो. मागच्याला थोडा उशीर परत दिला, सगळा नाही कारण पूर्ण पन्नास दिला की टाळ्यांचे ठोके दुहेरी ऐकू यायला लागले, २० च्या आसपास छान बसलं, आणि पातळी ८ डेसिबलने कमी केली. स्टेज पुढे गेलं, माणसं मागे आणि बाजूला बसली. नाच संपल्यावरच्या टाळ्या आता चारही बाजूंनी येतात, आणि बहीण म्हणते की तिला तेव्हाची धडधड परत आठवते.

सबवूफरच्या चॅनेलचं काय? काही घालू नका. तो चॅनेल १२० हर्ट्झच्या खालच्या खास दणक्यांसाठी असतो आणि रिसीव्हर त्याला १० डेसिबल वर उचलून वाजवतो, घरच्या रेकॉर्डिंगमध्ये तिथे जातो तो वारा आणि कॅमेऱ्यावर बोटं घासल्याचा आवाज. एसी-३ मध्ये ५.० पण पूर्ण वैध आहे, एफएफएमपेग तो सरळ बनवतं. बाकी चॅनेलमधला खर्ज रिसीव्हर स्वतःच सबवूफरला पाठवतो, काही कमी होत नाही.

चॅनेलच्या क्रमाचा घोळ मात्र सगळ्यांचाच होतो. वेव्ह फाइलमध्ये क्रम डावा, उजवा, सेंटर, सब, मागचा डावा, मागचा उजवा. सिनेमावाल्यांचा क्रम डावा, सेंटर, उजवा, मागचे दोन, शेवटी सब. एफएफएमपेग स्वतःचं नीट सांभाळतं, पण दुसऱ्या एडिटरमधून बाहेर काढलेल्या सहा मोनो फाइल तुम्ही त्याला चुकीच्या क्रमाने दिल्या तर ते बिचारं काय करणार. मी एक तपासणीची फाइल करून ठेवलीय, प्रत्येक चॅनेलमध्ये मी फक्त त्याचं नाव बोललोय, "पुढचा डावा", "मागचा उजवा" असं. नवीन कमांड लिहिली की आधी ही फाइल तिच्यातून जाते, पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवर, खऱ्या प्लेअरमध्ये. कॉम्प्युटरवर बरोबर वाजलं याला मी बरोबर मानत नाही.

शेवटी एक अडचण राहिलीच होती. कॉपी केलेल्या आवाजात कॅमेऱ्याने लिहिलेली मेटाडेटा तशीच जाते, म्हणजे सहा स्पीकरवाल्याला आई मागे अगदी हुबेहूब, पण मावशीच्या टीव्हीवर ती किती ऐकू येईल ते कॅमेरा बनवणाऱ्याने ठरवलेलं. परत एन्कोड करून ३ डेसिबल लावलं तर मूळ बिट जातात. दोन्ही हवं होतं मला. डीव्हीडीवर ८ ऑडिओ ट्रॅक बसतात हे आठवलं आणि प्रश्न सुटला. एक ट्रॅक कॅमेऱ्याचं ५.१ कॉपी, दुसरा मी स्वतः मिक्स केलेला स्टिरिओ, २२४ ला. हा मिक्स एफएफएमपेगच्या पॅन फिल्टरने होतो, त्यात पुढचा डावा पूर्ण, सेंटर ०.७, मागचा डावा ०.९ असं लिहिता येतं, आणि बरोबरच्या चिन्हाऐवजी 'पेक्षा कमी'चं चिन्ह टाकलं तर ते सगळ्यांची बेरीज एकवर आणून ठेवतं, म्हणजे आवाज फाटत नाही. ही चिन्हाची गोष्ट मॅन्युअलमध्ये एका ओळीत आहे, सहज सुटते. आणि नुसतं "दोन चॅनेल कर" असं सांगून मोकळं होऊ नका, तेव्हा एफएफएमपेग स्वतःच्या ठरलेल्या प्रमाणात मिसळतं.

दोन ट्रॅक केले की डायलनॉर्म दोघांचा वेगवेगळा मोजा, नाहीतर रिमोटवर ऑडिओचं बटण दाबलं की एकदम दचकायला होतं. पुढे मेनू वगैरे बनवायला जो ऑथरिंग प्रोग्रॅम वापराल त्यात आवाजासाठी कॉपी निवडलंय का ते डिस्क बर्न करायच्या आधी बघा, इथे दुर्लक्ष झालं तर तो परत एन्कोड करून वरची सगळी मेहनत पुसून टाकू शकतो.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो रात्रीच्या मोडच्या सूचना लिहीत नाही म्हणून, कमांड टाइप करावी लागते म्हणून नाही. ज्याला एका संध्याकाळी एक डिस्क करून मोकळं व्हायचंय त्याला हे जड जाईल, त्याने टार्गेट आणि कॉपी एवढ्या दोनच गोष्टी वापरल्या तरी पुष्कळ आहे.

मावशीच्या डिस्कवर मी स्टिरिओ ट्रॅक पहिला ठेवलाय आणि ५.१ दुसरा, कारण ती ऑडिओचं बटण कधी दाबणार नाही. मामाकडे उलटं, त्याच्याकडे सहा स्पीकर आहेत. मावशीचा फोन आला होता डिस्क बघून, आजोबांबद्दल बोलेल असं वाटलं होतं, ती म्हणाली, "अरे, ताई किती हसते यात."